होनाची साक्ष

खटकचिंचोळी हे बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्याचे गाव. या बाजूस मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे एका वृद्ध स्नेह्यांच्या वाड्यात आम्ही नाण्यांचे पाच शौकीन जमलो होतो. आदल्या दिवशी आपट्याची पाने एकमेकांच्या हातावर ठेवून त्यांना सोने म्हटले होते. त्या व्यवहारात पारख करावी लागत नाही. दुसऱ्या दिवशीचे काम नेमके उलट होते. आमच्या स्नेह्यांस, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, आपल्या घरातील एक शिवराई होन कुलदैवताच्या चरणी अर्पण करावयाचा होता, आणि देवस्थानच्या पंचांनी तो अस्सल असल्याचा जाणकारांचा लेखी दाखला मागितला होता. "वकीलसाहेब, तुम्ही लिहून दिलेत म्हणजे पंच मानतील," असे अण्णांनी आम्हांस कळविले. तुलनेस नमुना हवा म्हणून आम्ही आमच्या संग्रहातील होन बरोबर नेला होता.

आमच्या मंडळीत एक सराफ, एक निवृत्त शिक्षक आणि एक गोमंतकीय मित्र होते. सराफांनी कसोटी काढताच गोमंतकीय मित्र हसून म्हणाले, "कोंकणींत आमी सोन्याक भांगार म्हणटात." अण्णांच्या सूनबाई आतून म्हणाल्या की कानडीत ते बंगार. आणि आमच्या मराठीत भंगार म्हणजे मोडीत घालावयाची वस्तू! व्युत्पत्तीच्या वादात आम्ही पडत नाही. तो विनोद मात्र पुढे आमच्याच अंगावर आला.

'होन' हा शब्दच मुळी कानडी 'होन्नु' म्हणजे सोने यावरून आलेला. विजयनगरचे वराह हे याच कुळातले; त्यांचे वजन सुमारे ३.४ ग्रॅम. हे नाणे दक्षिणेत इतके रुजले की ज्या भूमीवर बहामनी सुलतानांची राजधानी आधी गुलबर्ग्यास (आजचे कलबुर्गी) आणि मग बीदरास होती, तेथेही लोकांच्या गाठीला होनच असत. बहामनींचा सोन्याचा टंका सुमारे ११ ग्रॅमचा, दिसावयास भारदस्त. पण तो आज दुर्मीळ आहे. फेरिश्ता सांगतो की हिंदू सराफ सुलतानाची नाणी वितळवून त्यांचे होन पाडीत, आणि पहिल्या महंमदशाहाने (इ. स. १३५८ ते १३७५) त्यासाठी त्यांची सरसकट कत्तल करविली. फेरिश्ता अडीचशे वर्षांनंतर लिहीत होता, म्हणून त्याचा प्रत्येक शब्द आम्ही शपथेवरची जबानी मानीत नाही. तथापि बाजाराची पसंती कोणत्या नाण्याकडे होती, एवढे त्यातून स्पष्ट होते.

आज संग्राहक 'खरे नाणे' म्हणतो तेव्हा ते अमुक राजाच्या काळी, त्याच्या हुकुमाने पडले असा त्याचा अर्थ असतो. आमच्या पूर्वजांचा अर्थ तो नव्हता. गावचा पोतदार नाणे वाजवी, जोखी, कसास लावी आणि त्यावर बट्टा किती ते सांगे. 'बट्टा लागणे' हा वाक्प्रचार त्या पोतदाराच्या ओसरीवरूनच आपल्या अब्रूपर्यंत येऊन पोहोचला. नाणे कोणी पाडले यापेक्षा त्यात सोने किती हे त्यास हवे असे. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांची यादी आहे. तीत शिवराईबरोबर अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, धारवाडी असे किती तरी प्रकार एका पंक्तीस बसलेले दिसतात. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांस आपले नाणे महाराजांच्या राज्यात चालावे असे कलम तहात हवे होते. महाराजांचे उत्तर असे की, कोणतेही नाणे चालण्यास आमची बंदी नाही, पण रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्तीही आम्ही करणार नाही. कसाने व वजनाने चांगले असेल तर ते आपोआप चालेल. या एका उत्तरात त्या काळचे सगळे नाणेशास्त्र आले.

विजयनगरच्या सदाशिवरायाच्या होनावर शिवपार्वती आहेत. त्याच छापाचे होन पुढे इक्केरीच्या नायकांनी पाडले, आणि त्यांचे राज्य जिंकल्यावर हैदरअलीनेही शिवपार्वती तशीच ठेवून पाठीमागे फक्त आपल्या नावाचे फारसी आद्याक्षर घातले. यांपैकी खोटे कोणते? कोणतेच नाही. देवादिकांच्या गळ्यात आपण ज्या पुतळ्यांच्या माळा पाहतो, त्यांतील मूळ पुतळी हे व्हेनिसचे साडेतीन ग्रॅमचे नाणे. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख आहे. आपल्या लोकांस त्यात दोन पुतळ्या दिसल्या आणि तेच नाव पडले. मागणी एवढी वाढली की आपल्याच सोनारांनी तशा पुतळ्या घडविल्या. त्यांवरील लॅटिन अक्षरे म्हणजे नुसत्या रेघोट्या आहेत. त्यांत फसवणूक नव्हती. आजीला सोने हवे होते, लॅटिन नको होते. अण्णांच्या घरच्या माळेत दोन्ही प्रकारच्या पुतळ्या शेजारी शेजारी ओवलेल्या आम्ही पाहिल्या.

अडचण उत्पन्न झाली ती संग्राहक जन्मास आल्यावर. नाण्याची किंमत सोन्याहून अनेक पटींनी वाढली, आणि तेव्हापासून चांगल्या सोन्याचे खोटे नाणे करणे किफायतशीर ठरले. कसोटी येथे निरुपयोगी होते. सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३, चांदीचे साडेदहा, तांब्याचे जेमतेम नऊ. म्हणून पावणेतीन ग्रॅमचे शुद्ध सोन्याचे नाणे पाण्यात जोखले तर सुमारे एकसप्तमांश ग्रॅमने हलके भरते. शिक्षकमित्रांनी आपल्या नाजूक काट्यावर तोही प्रयोग करून दाखविला. दोन्ही होन सोन्याचेच ठरले. अस्सलपणाचा प्रश्न जागच्या जागीच राहिला. भोळेपणाची दुसरी तऱ्हा जत्रांतून दिसते: कंपनी सरकारचे नाव, १८१८ साल आणि वर मारुती असलेली नाणी. असली नाणी कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीत पडली नाहीत. ही थाप पचते याचे कारण असे की, कंपनीने मद्रासेस वेंकटेश व त्याच्या दोन्ही पत्नींच्या मूर्ती असलेले सोन्याचे होन खरोखरच पाडले होते.

येथे वकिलीचा थोडा विषय काढल्यावाचून राहवत नाही. शिवकालीन होनाची नक्कल विकणाऱ्यावर खोटी नाणी पाडल्याचा आरोप टिकत नाही, कारण कायद्याच्या लेखी नाणे म्हणजे आज चलन म्हणून वापरात असलेला धातू. हा जुन्या दंड संहितेतील विचार १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेतही कायम आहे. उरते ती केवळ ठकवणूक, आणि ती सिद्ध करण्याचा भार फसलेल्यावर. पुरावा कायद्याने मात्र आम्हांस एक उपयुक्त रीत शिकविली आहे. तीस वर्षांपूर्वीचा दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही खरी असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. म्हणजे कागद काय म्हणतो याच्या आधी तो कोठे होता हे विचारावयाचे. नाण्यासही हेच लागू पडावे, पण त्यात एक मेख आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरास कळविणे बंधनकारक केले. नांगराच्या फाळाला हंडा लागला की भीतीने लोक तो सोनाराकडे नेऊन आटवितात, किंवा 'आजीच्या पेटीतले' म्हणून सांगतात. अशा रीतीने खऱ्या नाण्याला खोटी हकीकत चिकटते. आणि खोटे नाणे विकणारा तर हकीकत आधीच तयार ठेवून बसलेला असतो.

म्हणून आमच्या मंडळीत असा नियम आहे की, नाण्याच्या मालकाने आपली हकीकत सांगण्यापूर्वी प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहावे. मैत्रीत हे थोडे कठोर वाटते. ज्याच्या घरचे पोहे खाल्ले त्याच्या वस्तूस खोटी म्हणणे जिवावर येते. चिठ्ठी निदान नजरेला नजर देण्याचा प्रसंग टाळते.

अण्णांचा होन भिंगाखाली ठेवला. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ; ते एका अंगाने नाण्याबाहेर गेलेले. वजन २.७६ ग्रॅम. काठावर एक तडा आणि 'श्री'च्या वर डाखाचा फिकट डाग. आमचा नमुना २.६३ ग्रॅमचा, अक्षरे मऊ, पुसट. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा अण्णा वगळून चौघांपैकी तिघांनी अण्णांचा होन संशयास्पद ठरविला होता: अक्षरे फार टवटवीत, वजन नमुन्यापेक्षा अधिक. त्या तिघांत आम्हीही होतो, हे येथे नमूद करतो.

चौथी चिठ्ठी शिक्षकांची. तीवर एकच प्रश्न होता: दोन्ही नाण्यांना तडा एकाच जागी कसा?

आम्ही दोन्ही होन शेजारी ठेवले, आणि ओसरीवर काही वेळ कोणी बोलले नाही. एकाच ठशाखालून निघालेल्या दोन नाण्यांची अक्षरे तंतोतंत जुळतील, हे खरे. पण हातोडा पडताना चकती ठशाखाली किती सरकली आणि तिचा काठ कोठे फाटला, हा त्या एका ठोक्याचा योगायोग असतो. तो दोनदा घडत नाही. येथे वर्तुळ एकाच अंगाने बाहेर गेले होते आणि तडा एकाच अक्षरापाशी होता. अण्णांच्या नाण्यात तो आरपार, धारदार. आमच्या नाण्यात गोल ओठांची नुसती खाच. आणि 'श्री'च्या वर, जेथे अण्णांच्या होनावर निराळ्या रंगाचा डाख होता, तेथे आमच्या होनावर त्याच आकाराचा उंचवटा होता, पण सोन्याच्याच रंगाचा. डाखाचीही नक्कल उतरली होती! आमचा होन ओतीव होता. साच्यातले सोने थंड होताना आकसते, म्हणून तो किंचित लहान आणि हलका. ज्याला आम्ही नऊ वर्षे झीज समजलो ती झीज नव्हती. झीज उंचवट्यावर होते; खोलगट जागी अक्षरांची मुळे तरी ती शाबूत ठेवते. आमच्या नाण्यात मुळेही बुजलेली होती. हे सारे आम्ही इतरांस अनेकदा शिकविले आहे.

मग अण्णांनी हकीकत सांगितली. होन आजीच्या माळेत पदकासारखा होता. १९४८ च्या धामधुमीत ती पेटी घरच्या मंडळींबरोबर तीन गावे फिरली. पुढे बहिणीच्या लग्नात माळ नव्याने ओवताना कडी काढण्यासाठी तो परगावच्या एका सोनाराकडे तीन आठवडे होता. साचा तेव्हाच घेतला गेला असावा. पण इतक्यावरून कोणावर आरोप ठेवावा असे आम्हांस वाटत नाही, आणि तो सोनारही आता हयात नाही. आमचा होन आम्ही पहिल्या मोठ्या दाव्याच्या फीतून घेतला होता. विकणाऱ्याने तो शेतात नांगरताना सापडल्याचे सांगितले, आणि उलटतपासणीत भल्याभल्यांस घाम फोडणाऱ्या आम्ही त्यास एकही प्रश्न विचारला नव्हता.

एवढ्यावरून अण्णांचा होन शिवकालीन ठरला काय? नाही. आमच्या नाण्याचा तो जनक आहे, तो ठोकून पाडलेला आहे, आणि एका घराण्यात तीन पिढ्या आहे, एवढेच ठरले. अस्सल शिवकालीन होन फार थोडे उरले आहेत; त्यांच्या ठशाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्यावाचून आम्ही दाखला देणार नाही, असे आम्ही म्हणालो. अण्णांचा चेहरा उतरला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसास 'पुढे पाहू' असे म्हणणे सोपे नसते. गोमंतकीय मित्रांनी आठवण दिली की गोव्याच्या कदंब राजांच्या सुवर्णनाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख असे, आणि त्याच देवाचे देऊळ नार्वे येथे १६६८ साली शिवछत्रपतींनी पुन्हा बांधविले. देवाला काय पोहोचते याचा विचार देव करील, नोंदवहीचा विचार वकिलांनी करावा, असे त्यांचे म्हणणे पडले.

मग आम्ही दाखल्याऐवजी नोंद लिहून दिली: 'सुवर्णनाणे एक, वजन २.७६ ग्रॅम, एका बाजूस श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूस छत्रपति ही अक्षरे, काठास तडा, वर जुन्या डाखाची खूण, दात्याच्या घराण्यात पिढीजात, शिवकालीन असल्याविषयी तपासणी व्हावयाची आहे.' अण्णांनी ती दोनदा वाचली. "देवाच्या वहीत 'व्हावयाची आहे' असे लिहितात का हो, वकीलसाहेब?" असे त्यांनी विचारले. आम्ही लिहितात म्हणालो. त्यांनी सही केली, आणि पंचांनी होन त्या नोंदीसह ठेवून घेतल्याचे पुढे कळले.

आमचा होन आम्ही परत आणला. सराफमित्रांनी त्याची मोडीची किंमत तेथेच काट्यावर सांगितली होती. अद्याप आम्ही तो मोडलेला नाही.