केरसुणीखालची चिठ्ठी

भोरला हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. रातपाळी संपवून तसाच एस्टीत बसलो. पांढऱ्या कापडावर सूप, इरलं, घोंगडी, दावं आणि मधोमध शिंदीची केरसुणी. खाली चिठ्ठी : 'ग्रामीण कला, भोर-वेल्हे परिसर'.

खरं सांगतो, देखणी होती. मूठ आवळून बांधलेली, एक टोक बाहेर नाही. खाली पानं मोरासारखी फुललेली. वेल्ह्याकडं माझ्या आजीनं जन्मभर ह्याच बांधल्या. ओढ्याकाठचे फडे तोडायचे, काट्यांनी हात फाटायचे. मग ते वाळवायचे, पानं चिरायची, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून मूठ ओढायची. घरात केरसुण्यांचा ढीग, पण त्यांचं रूप दिसायला मला पांढरं कापड लागलं. लाज वाटली.

जपानात यानागी सोएत्सू नावाचा विचारवंत होऊन गेला. साध्या लोकांच्या कलेसाठी त्यानं मित्रांसोबत १९२५ साली 'मिंगेई' हा शब्द घडवला. १९३६ साली तोक्योत संग्रहालय उघडलं. तो म्हणायचा, रोजच्या वापराची वस्तू करणारा सही करत नाही, अनामिक राहतो, म्हणून तीत सौंदर्य उतरतं. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी जमवून १९७५ साली सरकारच्या हवाली केली. माणसं मोठी. चुलीजवळच्या वस्तूकडं बघायला शिकवलं त्यांनी.

पण दोस्तहो, आमचं अनामिकपण निराळं. आजीनं सही केली नाही, कारण तिच्यापर्यंत अक्षर येऊच दिलं नाही. आणि नाव नसलं तरी जात होतीच. दोर आणि केरसुणी मांगाची, सूप-टोपली बुरुडाची, जोडा चांभाराचा. त्रिं. ना. आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) हा बलुत्याचा हिशेब वाचायला मिळतो. भोर संस्थान १९४८ साली विलीन झालं, कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. दारात उभं राहून धान्य मागणं मात्र आजीच्या वाट्याला त्यानंतरही होतंच.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते. हळदकुंकू वाहून तिला लक्ष्मी म्हणतात. आजी अंगणाच्या कडेला थांबायची. केरसुणीवर पाणी शिंपडून ती आत न्यायचे. लक्ष्मी आत, आजी भाईर.

प्रदर्शनातल्या पोराला विचारलं, "ही बांधली कुणी?"

"व्यापाऱ्याकडनं आणलीय. नाव कशाला पायजे?"

मी केरसुणी उचलली, मूठ फिरवून बघितली. आजी शेवटचा वेढा डावीकडं खोचायची. हा उजवीकडं होता. दुसरीच कुणीतरी.