एका साहेबाची तसबीर

श्रोतेहो, मुळशी म्हटलें म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांस धरण आणि सत्याग्रह या दोनच गोष्टी आठवतात. मुळा नदीवर टाटांचें धरण व्हावयाचें ठरलें, १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट व त्यांचे सहकारी यांनीं त्याविरुद्ध झुंज दिली, आणि अखेर अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं. त्यांपैकीं एका गांवांतून उठून आलेल्या घराण्यांतील एक तसबीर गेल्या पावसाळ्यांत माझ्या हातीं आली. आज तिचीच हकीकत सांगावयाची आहे.

त्या घरचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, हे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर. आमच्या खापरपणजोबांना त्यांनीं ही तसबीर स्वहस्तें दिली. आतां ती शाळेंत लावावयाची आहे. खालीं चार ओळी लिहून द्या." चार ओळी लिहिणें कठीण नव्हतें. परंतु शाळेच्या भिंतीवर एकदां नांव लागलें कीं त्याचा इतिहास होतो. पुढें त्यास कोणी प्रश्न विचारीत नाहीं. म्हणून मीं चार दिवसांची मुदत मागितली.

घराण्याची समजूत अगदींच अशक्य होती असें नाहीं. फ्रेअर १८३४ सालीं हिंदुस्थानांत आले आणि दुसऱ्याच वर्षीं पुण्याच्या कलेक्टरांचे असिस्टंट झाले. १८६२ ते १८६७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईच्या किल्ल्याचा तट त्यांच्याच अमदानींत पडला. पुण्याजवळ गणेशखिंडीच्या सरकारी वाड्याचें काम त्यांच्याच वेळीं निघालें. अशा साहेबाची ओळख मावळांतील एखाद्या घराशीं झाली असेल, असें मानण्यास हरकत नव्हती.

प्रथम मीं चेहऱ्याकडे पाहण्याचें सोडून दिलें. मिशा आणि काळा कोट यांत त्या वेळचे दहा साहेब सारखेच दिसतात. पुठ्ठा अधिक खरें बोलतो. छायाचित्र पातळ कागदावर छापून पुठ्ठ्यावर डकविलेलें होतें. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला हा कागद १८५० नंतर प्रचारांत आला. पॅरिसच्या दिस्देरीनें १८५४ मध्यें भेटीच्या कार्डाएवढ्या लहान छबीचें पेटंट घेतलें, आणि पुढें अशा छब्यांचें लोकांस वेड लागलें. 'कॅबिनेट' नांवाचा, सुमारें साडेसहा इंच उंच व सव्वाचार इंच रुंद असा मोठा आकार १८६६ च्या सुमारास निघाला. आमची तसबीर याच मापाची. शिवाय पुठ्ठा जाड, कोपरे गोल, कडेस सोनेरी रेघ; ही धाटणी त्याहूनही मागाहूनची. फ्रेअर तर १८६७ मध्येंच मुंबई सोडून गेले होते.

येथें घाई केली असती तर ती चूक ठरली असती. १८७५-७६ च्या हिवाळ्यांत इंग्लंडचे युवराज हिंदुस्थान पाहावयास आले, तेव्हां फ्रेअर त्यांच्या स्वारींत होते. त्या वेळीं त्यांनीं मुंबईंत तसबीर काढविली असेल, असें कोणीही म्हणेल.

मग मीं भिंग घेतलें. लाकडी खांब, रंगविलेला पडदा, मान हलूं नये म्हणून पाठीमागें ठेवलेल्या लोखंडी टेकूचा पाय, हें सारें त्या काळच्या कोणत्याही चित्रशाळेंत असे. पण कोटाच्या डाव्या बाजूस मुकुटाखालीं पांच पाकळ्यांचें गुलाबाचें फूल लटकत होतें. तें 'ऑर्डर ऑफ दि इंडियन एम्पायर' या किताबाचें चिन्ह. हा किताब १८७८ च्या आरंभीं सुरू झाला. फ्रेअर १८७७ पासून दक्षिण आफ्रिकेंत हायकमिशनर होते. १८८० मध्यें विलायतेस परतले आणि १८८४ मध्यें वारले. तसबिरीच्या पाठीवर मात्र पत्ता होता मुंबईचा. १८७८ नंतर मुंबईंत छबीसाठीं बसलेला हा गृहस्थ फ्रेअर असणें शक्यच नव्हतें. बदलून जाणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्यानें ती दिली असेल, आणि पिढ्यांनीं हळूहळू त्याचा हुद्दा गव्हर्नरापर्यंत चढविला असेल, एवढाच तर्क मला करतां येतो.

हा निकाल सांगावयास गेलों तेव्हां घरच्या नव्वदी ओलांडलेल्या आजीबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, मग आमच्या सासूबाईंनीं दर दसऱ्याला हार घातला तो कोणाला?" मजजवळ उत्तर नव्हतें. थोड्या वेळानें त्याच म्हणाल्या, "गांव सोडतांना देव, भांडीं आणि ही तसबीर डोक्यावरून आणली, असें त्या सांगत. घराची तसबीर कोणी काढली नाहीं."

श्रोतेहो, मुंबईंत १८५४ मध्येंच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपले लोकही कॅमेऱ्यामागें उभे राहिले. तरी तो कॅमेरा त्या घरापर्यंत पोंचला नाहीं. अनोळखी साहेबाचा चेहरा राहिला. ज्यांनीं तो जपला त्यांचा राहिला नाहीं.

शाळेंत आतां तसबिरीखालीं एवढेंच लिहिलें आहे: 'अनोळखी अधिकारी. मुंबई, १८७८ नंतर.' दुसऱ्या ओळींत बुडालेल्या गांवाचें नांव आणि ही तसबीर डोक्यावरून आणणाऱ्या बाईचें नांव आहे. ती ओळ आजीबाईंनीं सांगितली, आणि तिच्याविषयीं मला शंका नाहीं.

आपल्याही घरीं जुन्या पेटींत अशा तसबिरी असतील. त्या काढा, उलटून पाहा. आणि घरांतील वडील माणसें आहेत तोंवर त्यांना विचारून पाठीमागें शिसपेन्सिलीनें नांवें लिहून ठेवा. जें नुसतें ऐकलेलें असेल तेथें 'ऐकीव' एवढा शब्द जोडण्यास मात्र विसरूं नका.