४०४ : तुटलेल्या लिंकची गोष्ट

लिंक दाबली, ते गोल गोल फिरलं, आणि शेवटी काय? '४०४, पेज सापडलं नाही'. हा आकडा आला कुठून, ते आज बघू.

आधी एक थाप निकालात काढू. स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेत म्हणे ४०४ नंबरची खोली होती, तिथे वेबचा पहिला सर्व्हर होता, आणि फाइल मिळाली नाही की तिथली माणसं तसं कळवायची. गोष्ट झकास आहे, पण खोटी. टिम बर्नर्स-ली यांचे तिथले सहकारी रॉबर्ट कायो यांनीच ती साफ उडवून लावली.

खरं कारण अगदी रुक्ष आहे. इंटरनेटवर फाइल पाठवायची एफटीपी पद्धत १९७०च्या दशकातली. तिच्यात सर्व्हर तीन आकडी उत्तरं द्यायचा आणि पहिला आकडा म्हणजे उत्तराचा प्रकार. वेबने हीच सवय उचलली, अर्थ मात्र बदलले. ४ने सुरुवात म्हणजे गडबड मागणाऱ्याच्या बाजूला, ५ म्हणजे सर्व्हरच्या. सर्नच्या १९९२च्या मसुद्यात ४०४ आहेच. म्हणजे पेज त्यांनी उडवलं तरी कोडच्या हिशेबात चूक तुमची!

आता मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो भाग. टेड नेल्सन १९६०पासून 'झनाडू'चं स्वप्न बघत होते. त्यात लिंक दोन्ही बाजूंनी जोडलेली, तुटणारच नाही अशी. बर्नर्स-ली यांनी तो हट्ट सोडला. कुणीही कुणालाही न विचारता लिंक द्यावी, मधे नोंदवही नको, परवानगी नको. म्हणून वेब जगभर पसरलं. पण समोरच्याने पान हलवलं तर लिंक देणाऱ्याला पत्ताच लागत नाही. माझ्या मते सौदा योग्यच होता, फक्त त्याची किंमत मोठी निघाली. प्यू रिसर्चने २०२४मध्ये मोजलं, तर २०१३मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी गायब होती. १९९८मध्ये स्वतः बर्नर्स-ली यांनी लेख लिहून बजावलं होतं की पत्ते बदलू नका. ऐकलं किती जणांनी, ते दिसतंच आहे. पान कायमचं काढलंय हे सांगायला ४१० हा वेगळा कोड आहे, पण तो वापरण्याचे कष्ट फारसं कुणी घेत नाही.

तुमची स्वतःची साइट असेल तर सर्व्हरचा लॉग उघडा. कोणता पत्ता मागितला, तो तिथे अक्षरशः लिहिलेला असतो. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे कॅपिटल-स्मॉल. विंडोजवर दोन्ही चालतं, लिनक्स सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. म्हणून लॅपटॉपवर दिसणारा फोटो साइटवर ४०४ देतो. आणि माणूस कुठल्या पानावरून आला ते 'रेफरर'मध्ये बघा. (त्या शब्दाच्या अधिकृत इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'आर' राहून गेलाय, तो आजतागायत तसाच!)

मराठी पत्त्यांची आणखी एक गंमत. पत्ता पाठवताना देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराची आणि मात्रेची टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ चिन्हं होतात. 'मराठी' एवढा शब्द म्हणजे पंचेचाळीस. कॉपी करताना त्या शेपटीतलं एक जरी गळलं, तरी समोर तोच आकडा.