एमएस आजारातला थकवा आणि इंजेक्शननंतरचा ताप : घरी काय करावं, दवाखाना कधी गाठावा?

सकाळी उठल्याउठल्याच अंगात त्राण नसतं. चार भांडी घासली की बसावं लागतं. घरचे म्हणतात, "दिसायला तर धडधाकट आहेस, मग झालं काय?" मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजेच एमएस असलेल्या अनेकांना हे ऐकावं लागतं. त्यात इंजेक्शन घेतलं की रात्री कणकण येते. वैतागून काही जण इंजेक्शनच बंद करतात. तिथं नुकसान होतं.

आजार काय आहे?
मेंदू आणि मणक्यातल्या नसांवर वायरीच्या प्लास्टिकसारखं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच त्या आवरणावर हल्ला करते. त्यामुळे मुंग्या येणं, तोल जाणं, नजर अंधुक होणं, पायातली ताकद कमी होणं असे त्रास होतात. बहुतेक वेळा तो 20 ते 40 वयात सुरू होतो, बायकांमध्ये जास्त. हा आजार संसर्गजन्य नाही.

थकवा म्हणजे आळस नव्हे
थकवा हे या आजाराचं सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे. उष्णतेनं तो वाढतो. म्हणून :
- शेतातलं, घरातलं जड काम सकाळी उन्हाच्या आधी उरका.
- दमल्यावर नाही, दमण्याआधी बसा. भाजी निवडणं, पीठ मळणं बसून करा.
- अंग दुखतं म्हणून कडक पाण्यानं अंघोळ करू नका. कोमट पाणी घ्या, उन्हात मानेवर ओला पंचा ठेवा.
- झेपेल तेवढं रोज चाला. नुसतं पडून राहिल्यानं ताकद आणखी कमी होते.
- रक्त कमी असणं, थायरॉईड, बी 12 ची कमतरता, अपुरी झोप, मनाची उदासी यांनीही थकवा येतो. त्याची तपासणी करून घ्या.

इंजेक्शननंतरचा ताप
इंटरफेरॉन बीटा या इंजेक्शननंतर काही तासांत थंडी, ताप, अंगदुखी, डोकेदुखी होऊ शकते. साधारण 24 तासांत ती उतरते आणि पहिल्या काही महिन्यांनंतर बहुतेकांचा त्रास कमी होतो.
- इंजेक्शन रात्री झोपायच्या आधी घ्या, म्हणजे बराचसा त्रास झोपेत निघून जातो.
- आधी पॅरासिटामॉल घ्यावी का, किती घ्यावी, हे डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही तीच असते. दोन्ही घेतल्या तर मात्रा दुप्पट होते.
- सुरुवात कमी मात्रेनं करून हळूहळू वाढवता येते. त्रास जास्त असेल तर तसं विचारा.
- पाणी भरपूर प्या. दारू टाळा, कारण या औषधाचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करा.

प्रत्येक ताप इंजेक्शनचा नसतो
आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया असतोच. ताप 24 तासांनंतरही उतरला नाही, किंवा इंजेक्शन नसलेल्या दिवशी आला, तर रक्त तपासा. लघवीला जळजळ होत असेल तर लघवीही तपासा. तापामुळे जुनी लक्षणं तात्पुरती वाढतात आणि ताप उतरला की कमी होतात. पण ताप नसताना नवीन लक्षण 24 तासांहून जास्त टिकलं, तर मेंदूविकारतज्ज्ञांना लगेच कळवा. प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं चालू असतील, तर ताप आला त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सवलत आणि आधार
दिव्यांग हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांत एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून रुग्णांसाठी काम करते. तिच्या शाखा मुंबई आणि पुण्यात आहेत.

घरच्यांसाठी एकच विनंती : हा थकवा डोळ्यांना दिसत नाही, पण तो खरा असतो. टोमणा मारण्याऐवजी पाण्याची एक घागर आपण उचलावी. आणि इंजेक्शन कितीही त्रासाचं वाटलं तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करू नये.