‘सोड’ न म्हणणारा माणूस

गाडगेबाबांच्या कीर्तनात श्रोत्यांना गप्प बसायची सोय नव्हती. बाबा वऱ्हाडीत प्रश्न टाकायचे, समोरचा जमाव उत्तर द्यायचा आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. देव कुठं राहतो, कर्ज काढून सण करावा का, दारू प्यावी का. १८७६ साली शेंडगावात जन्मलेला आणि १९५६ साली अमरावतीजवळ वलगावला गेलेला हा माणूस कधी शाळेत बसला नव्हता. पण नुसतं सांगितलेलं लोक विसरतात आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं त्यांना आठवत राहतं, हे त्याला नेमकं कळलं होतं.

तरी एक अडचण होतीच. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असायचं. ‘दारू प्यावी का?’ याला हजार माणसांत ‘नाही’ म्हणून ओरडता येतं. पण घरी एकटं पडल्यावर त्याच माणसाच्या डोक्यात त्या प्रश्नाची दोन उत्तरं असतात. दुसरं उत्तर ऐकून घ्यायला तिथं कुणी नसतं.

विदर्भात दारूविरुद्धचा पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या उत्तराला टाळूनच लिहिला गेला, असं मला वाटतं. तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव गेली. लोकांनी गळ्यात माळ घातली, शपथा घेतल्या. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही राज्यात लागू आहे आणि त्याच्या हिशेबाने दारू प्यायला परवाना लागतो, हे बारमध्ये बसणाऱ्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. आमच्या यवतमाळला बंदी कधी लागली नाही. ‘स्वामिनी’च्या बायांनी त्यासाठी मोर्चे काढले, गावोगाव ‘उभी बाटली, आडवी बाटली’ची मतदानं झाली. चंद्रपूरची बंदी होती त्या सहा वर्षांत वर्धा नदीच्या पल्याड बाटली गुन्हा होती आणि अल्याड दुकानात मिळत होती. मारेगाव, वणी हा सगळा भाग अल्याडचा.

मी या मोर्च्यांना कमी लेखत नाही. ज्या बाईच्या घरात रोज रात्री भांडी उडतात, तिने दुकान बंद करा म्हणू नये तर काय म्हणावं? पण कायदा, शपथ, मोर्चा, आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरची ‘न सांगता दारू सोडवा’वाली पुडी, या चारही गोष्टींत एक साम्य आहे. पिणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. पुडीत तर ते उघडच लिहिलंय.

आता इथून एकदम नॉर्वेला जावं लागेल, कारण पुढची गोष्ट तिथं घडली.

१९८२ साली विल्यम मिलर नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रजा घेऊन बर्गन शहरात गेला होता. तो न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवायचा. पिणाऱ्यांना दारू कमी करायला शिकवणं हा त्याचा विषय. त्याआधीच्या एका अभ्यासात त्याला एक विचित्र गोष्ट दिसली होती. सगळ्या समुपदेशकांना एकच तंत्र शिकवलं होतं, पण कुणाचे रुग्ण सुधारले आणि कुणाचे नाही, हे तंत्रापेक्षा समुपदेशक किती मन लावून ऐकतो यावर जास्त ठरत होतं. बर्गनला तरुण मानसशास्त्रज्ञांचा एक गट त्याच्याभोवती जमला. ते रुग्णाची भूमिका करायचे, मिलर बोलायचा आणि ते त्याला मध्येच थांबवायचे. आत्ता हाच प्रश्न का विचारला? ते वाक्य सोडून हेच का पकडलं? उत्तरं देता देता मिलरला कळलं की आपण काही नियम पाळतोय, जे आपण कधी लिहून काढलेले नाहीत. ते त्याने लिहिले. १९८३ मध्ये त्यावर लेख छापून आला. पुढे स्टीफन रोलनिक हा दक्षिण आफ्रिकेत वाढलेला, वेल्समध्ये काम करणारा मानसशास्त्रज्ञ त्याला भेटला आणि १९९१ मध्ये दोघांचं पुस्तक आलं. पद्धतीचं नाव ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’.

त्या काळी अमेरिकेत उलटी हवा होती. १९५८ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या ‘सिनानॉन’ या संस्थेत व्यसनी माणसाला गोल करून बसलेल्यांच्या मध्ये घेत आणि तासन्‌तास फाडून खात. तू खोटारडा आहेस, तू नाकारतोयस, कबूल कर. याला उपचार म्हणत, आणि ही रीत पुढे अनेक केंद्रांत पसरली. १९९३ मध्ये मिलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिणाऱ्यांबरोबरच्या बैठकांच्या ध्वनिफिती ऐकून मोजमाप केलं. समुपदेशकाने जितकी जास्त टक्कर घेतली, तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त निघालं.

असं का व्हावं, हे समजायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. आमच्या घरातला संवाद पुरेसा आहे. माझा थोरला चुलतभाऊ, दादा, मारेगावजवळच कापूस-सोयाबीन करतो आणि पितो. वहिनी म्हणते, ‘तुम्ही आता सोडा.’ दादा म्हणतो, ‘मी का रोज पेतो का?’ काका म्हणतात, ‘वावर जाईन एक दिवस.’ दादा म्हणतो, ‘वावर मीच करतो, तुमी नाई.’ प्रत्येक वाक्यागणिक दादा स्वतःच्या दारूचा वकील होत जातो. खरं तर त्याच्या मनात दोन्ही बाजू आहेत. मुलगी आता मोठी होतेय, तिला सगळं कळतं, हे त्याला दिसतं. पण ती बाजू आम्ही सगळ्यांनी अडवून ठेवलेली असल्यामुळे त्याच्या वाट्याला उरलेलीच बाजू येते.

मिलरने नेमकी ही गाठ पकडली. माणसाचं मन दोन्हीकडे ओढत असतं, आणि आपण एका बाजूने ओढलं की तो दुसऱ्या बाजूला जोर लावतो. म्हणून समुपदेशकाने बदलाची बाजू मांडायचीच नाही. ती त्या माणसाला मांडू द्यायची. उघडे प्रश्न विचारायचे, त्याचं म्हणणं त्यालाच परत ऐकवायचं, त्यात बदलाकडे जाणारं एखादं वाक्य आलं की तिथं थांबायचं. ‘शून्य ते दहा, तुम्हाला दारू कमी करणं किती महत्त्वाचं वाटतं?’ समजा तो ‘चार’ म्हणाला. आपल्यातला कुणीही म्हणेल, ‘फक्त चार?’ इथं उलट विचारतात: ‘चार का? एक का नाही?’ आता त्याला चारची कारणं द्यावी लागतात, म्हणजे दारू कमी का करावी याची. तीही स्वतःच्या तोंडाने. गाडगेबाबांची आठवण होते ती इथं, फक्त इथं उत्तर ठरलेलं नाही. तो ‘एक’ म्हणाला तर तेही ऐकून घ्यावं लागतं.

मराठी मुलखात प्रेमाने बोलण्याची वाट आधीच पडली होती. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ, अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिलेली, आणि पु. ल. देशपांडे यांनी दिलेला पैसा. तिथं दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. एका शब्दाने किती फरक पडतो, हे सिनानॉनच्या शेजारी ठेवून पाहा. पण मुक्तांगणला जायचं म्हणजे घर सोडून राहायचं. कापूस वेचणीला आलेला असताना मारेगावचा शेतकरी पुण्याला कसा राहील?

ही अडचण ज्यांनी डोळ्यांसमोर ठेवली, ते लोक गोव्यातले. ‘संगत’ ही संस्था तिथं १९९६ पासून काम करते. तिने या पद्धतीवर उभं राहिलेलं एक छोटं समुपदेशन तयार केलं. जास्तीत जास्त चार बैठका, सरकारी आरोग्य केंद्रात किंवा माणसाच्या घरी. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, शिकलेली, निवडून तयार केलेली साधी माणसं होती. ती आपल्या बैठकांची ध्वनिमुद्रणं एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. दहा आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर चाचणी झाली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यालेले ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले.

हे आकडे मला आवडतात, कारण त्यांत चमत्कार नाही. जे पीत राहिले त्यांच्या पिण्याचं प्रमाण फारसं घटलं नाही, हेही त्याच लेखात आहे. आणि चाचणीत घेतलेले पुरुष हे अपायकारक पिणारे होते. ज्यांचं शरीरच दारूवर अवलंबून आहे, त्यांना तिच्यात घेतलं नव्हतं.

गोव्याहून ‘संगत’ विदर्भात आली ती ‘विश्राम’ नावाच्या कामातून, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत. तिथं नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१५ मध्ये सरकारने शेतकरी आत्महत्या होणाऱ्या चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला, त्यात यवतमाळ आहे. आशाताई घरोघर प्रश्नावली घेऊन गेल्या, १०४ हा नंबर आला. २०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाऊनच्याच दिवसांत, फोनवरून उपचार देण्याचे नियम देशात पहिल्यांदा लिहून आले. १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेलि-मानस’ सुरू झालं. १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. व्यसनासाठी केंद्राचा वेगळा नंबर आहे, १४४४६. म्हणजे बर्गनमधल्या त्या खोलीपासून मारेगावातल्या फोनपर्यंतचा रस्ता आता कागदावर तरी पूर्ण आहे.

कागदावर, कारण खरा शोध इथून सुरू होतो. मी ‘मोटिव्हेशनल’ टाकलं तेव्हा फोनने मला माइकवाले वक्ते दिले. ‘इंटरव्ह्यूइंग’ जोडलं तर नोकरीच्या मुलाखतीचे क्लास. ‘प्रेरणात्मक मुलाखत’ असं शब्दशः मराठी करून पाहिलं, ते आणखीनच वाईट. या पद्धतीला मराठीत अजून चांगलं नाव नाही. आणि जे नाव आहे, ते तिच्या अगदी उलट धंदा करणाऱ्यांकडे घेऊन जातं.

नावाने सापडत नसेल तर कामाने शोधावं लागतं. ‘समुपदेशक’ ही पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नंबर विचारला तर खरा माणूस रागावत नाही. पण नोंदणी आहे म्हणून ही पद्धत येते असं नाही, आणि या पद्धतीचा परवाना वगैरे नसतो. मिलर-रोलनिकच्या परंपरेत प्रशिक्षकांचं जाळं आहे आणि कौशल्य मोजायची पट्टी आहे. त्या पट्टीवर चांगल्या समुपदेशकाच्या एका प्रश्नामागे दोन वेळा तरी समोरच्याचं म्हणणं त्यालाच परत सांगणं यायला हवं. हे कोणालाही मोजता येतं. पहिल्या पंधरा मिनिटांत कोण किती बोललं, एवढं जरी बघितलं तरी बरंच कळतं.

मी तिघांशी बोलले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: दादा म्हणाला की मला सोडायची नाही, तर तुम्ही काय कराल? पहिल्याने लिव्हरचे फोटो दाखवू म्हणून सांगितलं. दुसऱ्याने एकवीस दिवसांचं पॅकेज सांगितलं. तिसऱ्या बाई म्हणाल्या, ‘मग न सोडण्यात त्यांना काय मिळतं ते विचारीन. आणि ते बोलायला तयार नसतील तर आधी तुमच्या वहिनींशी बोलते.’ या दुसऱ्या वाक्यामागेही इतिहास आहे. मिलरच्याच विद्यापीठात रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांसाठी वेगळी पद्धत बांधली: भांडण न करता, धमकी न देता, पिणाऱ्याला मदतीपर्यंत कसं आणायचं याची.

बाईंनी एक गोष्ट मात्र अजिबात चर्चा न करता सांगितली. सकाळी उठल्या उठल्या लागते का, न घेतल्यास हात थरथरतात का, घाम सुटतो का, कधी झटका आलाय का? यातलं काहीही असेल तर एकदम बंद करायची नाही आणि माझ्याकडेही यायचं नाही, आधी डॉक्टरकडे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. शपथा घ्यायला लावणाऱ्यांनी हे कधी कुणाला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दादाला सकाळी लागत नाही. वहिनी दोनदा बोलली. मग एका संध्याकाळी दादाने स्वतःच फोन मागून घेतला आणि रेंज धरायला बांधावर जाऊन उभा राहिला. परत आल्यावर काकांनी विचारलं, ‘काय म्हने थे बाई?’

‘काई नाई म्हने,’ दादा म्हणाला. ‘मीच बोलत होतो.’