गाडीची पायरी

आपल्या भाषेनं पायरीला फार मान दिला आहे. माणसानं पायरी ओळखून वागावं, पायरी सोडून बोलू नये आणि शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, एवढं ज्ञान आपल्याला शाळेत नाव घालायच्या आधीच मिळालेलं असतं. हापूसला आंब्यांचा राजा म्हणतात खरं, पण आमरसाचं पातेलं समोर आलं की जाणकार मंडळी हळूच विचारतात, "पायरीचा आहे ना?" इतकं सगळं असून गाडीच्या पायरीकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलेलं नाही. इतिहासकारांचंच घ्या. राजाची स्वारी कुठे निघाली, बरोबर घोडदळ किती होतं, मुक्काम कुठे पडला, हे सगळं ते लिहितात. पण स्वारी घोड्यावर चढली कशी, असं विचारलं की सगळे ग्रंथ मुके होतात.

रोमन लोकांना हा प्रश्न पडला होता. त्यांच्या घोड्यांना रिकीब नसे. तरुण शिपाई उडी मारून बसायचा. पण पोट सुटलेल्या व्यापाऱ्यानं आणि गुडघे धरलेल्या सावकारानं काय करावं? पदरी नोकर असेल तर त्यानं उचलून ठेवायचं, नसेल तर चालत जायचं. इ. स. पूर्व 123 मध्ये गायस ग्रॅकस नावाचा गृहस्थ लोकांचा प्रतिनिधी म्हणून निवडून आला. त्यानं रस्ते बांधले, मैलांचे दगड बसवले आणि त्यांच्या मधे मधे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, आणखी दगड ठेवून दिले. कशासाठी? तर कोणाचाही हात न धरता माणसाला घोड्यावर चढता यावं म्हणून! हे प्लूटार्कनं लिहून ठेवलं आहे. निवडून आलेल्या माणसानं मतदाराच्या गुडघ्यांचा विचार केल्याचा याहून जुना दाखला माझ्या तरी वाचनात नाही. दोनच वर्षांनी राजकीय दंगलीत त्या बिचाऱ्याचा अंत झाला, हे सांगितलं म्हणजे समाजसेवेचं फळही ध्यानात येईल.

पायरी रस्त्यावरून उचलून वाहनालाच लावायची अक्कल पुढे आली. चीनमध्ये चांगशा शहराजवळ एका थडग्यात मातीचे घोडेस्वार सापडले. थडगं इ. स. 302 चं. त्यांतल्या घोड्याला खोगिराच्या फक्त डाव्या बाजूला एक आखूड, त्रिकोणी रिकीब दाखवली आहे, आणि गंमत म्हणजे वर बसलेल्या स्वाराचा पाय तिच्यात नाहीच. ती फक्त चढण्यापुरती. आज मोटारीच्या दुकानात जिला 'साइड स्टेप' म्हणतात, तिची ही पणजी म्हणायला हरकत नाही. पाय देऊन वर चढायचं आणि वर बसल्यावर तिला विसरायचं, हा माणसाचा पायरीशी असलेला व्यवहार गेल्या सतराशे वर्षांत तसूभरही बदललेला नाही.

मग घोडागाड्या आल्या, बग्ग्या आल्या, व्हिक्टोरिया आल्या, आणि आपला टांगा आला. टांग्याची पायरी मागच्या बाजूला. तिच्यावर एखाद्या भरदार देहाच्या गृहस्थानं पाय ठेवला, की गाडी उलाळ व्हायची, दांड्या वर जायच्या आणि पुढे घोडा चवड्यांवर उभा राहतो की काय असं वाटायचं. टांगेवाला ओरडायचा, "साहेब, पुढं या, पुढं या!" पायरी किती वजन घेते यापेक्षा ते वजन ती कोणाच्या गळ्यात टाकते, हा प्रश्न खरा महत्त्वाचा. टांग्याच्या घोड्याला तो पदार्थविज्ञान न शिकता कळला होता. मोटारवाल्यांना कळायला बराच वेळ लागला.

मोटार आली तेव्हा ती उंच होती. असणारच. अमेरिकेतले खेड्यापाड्यांतले रस्ते म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. 1908 साली हेन्री फोर्डनं 'मॉडेल टी' बाजारात आणली, ती या चिखलातून पोट वर धरून चालावी अशा बेतानं. आत शिरायचं म्हणजे चढणंच. म्हणून पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत एक लांबलचक फळी असे. तिला आपण फूटबोर्ड म्हणू, कारण लोकलनं प्रवास करणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्या फळीवर लोक पाय ठेवत, हे वेगळं सांगायला नको. शिवाय पेट्रोलचे डबे ठेवत, हत्यारांची पेटी ठेवत, बायकोचं सामान बांधत आणि सहलीला गेलं की त्यावरच बसून डबा उघडत. एका फळीकडून इतकी कामं करून घेणारा समाज आपलाच भाऊबंद वाटतो.

1925 साली फोर्डनं याच गाडीला मागे पेटीसारखा हौदा लावून कारखान्यातूनच विकायला काढली. किंमत 281 डॉलर. शेतकऱ्यांनी ती उचलली. आज आपण जिला पिकअप म्हणतो, तिच्या घराण्यातली ही पहिली मोठी नावाजलेली बाई.

इकडे शहरी मोटारींना मात्र खाली बसण्याचे वेध लागले. रस्ते गुळगुळीत झाले होते. 1926 साली पॅकार्ड कंपनीनं मागच्या आसाचे दाते अशा तऱ्हेनं जुळवले, की इंजिनाकडून येणारा फिरता दांडा आणखी खालून नेता येऊ लागला. दांडा खाली गेला, तशी जमीन खाली गेली, आणि जमीन खाली गेल्यावर पायरीला विचारतो कोण! 1938 च्या कॅडिलॅक सिक्स्टी स्पेशलनं फूटबोर्ड काढूनच टाकला. ती जागा गाडीच्या अंगात जमा झाली आणि आतली माणसं थोडी ऐसपैस बसली. 1948 साली हडसन कंपनीनं तर कमाल केली. त्यांच्या गाडीची जमीन चौकटीच्या दांड्यांच्या मधे खाली सोडलेली. गाडीत चढायचं नाही, उतरायचं! जाहिरातीत त्यांनी हेच मोठेपणानं सांगितलं. एकटी फोक्सवॅगनची बीटल आपली चिमुकली पायरी सांभाळून राहिली. 30 जुलै 2003 रोजी मेक्सिकोत तिची शेवटची गाडी बाहेर पडली, तेव्हाही दोन्ही बाजूंना त्या फळ्या होत्या. एकत्र कुटुंबातल्या एखाद्या आत्याबाईंसारख्या. काम फारसं उरलेलं नाही, पण त्यांच्यावाचून घर ओळखू येत नाही.

फूटबोर्डावर फक्त चढायचंच असतं असंही नाही. काही माणसं तिथे उभी राहतात, आणि उभं राहणं हेच त्यांचं काम असतं. 22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या मोटारीमागे अंगरक्षकांची कॅडिलॅक चालली होती, आणि तिच्या फूटबोर्डांवर रक्षक उभे होते. गोळ्या सुटल्या तेव्हा डाव्या फूटबोर्डावरचा क्लिंट हिल उडी टाकून धावला, पुढच्या चालत्या गाडीच्या मागच्या पायरीवर पाय रोवून वर चढला आणि अध्यक्षांच्या पत्नीला आत ढकलून त्यानं दोघांवर आपलं अंग घातलं. केनेडी वाचले नाहीत. पण तेवढ्या काही क्षणांत एका माणसाचं सगळं कर्तव्य दोन पायऱ्यांच्या मधल्या धावेत मावलं होतं. पायरीवर भार टाकणाऱ्याला ती टिकेल की नाही, हे तपासायला सवड नसते. ते आधीच कोणीतरी पाहून ठेवायचं असतं.

असो. पुढे काय झालं, की जग खाली बसलं आणि पिकअप पुन्हा उभी राहिली! चारही चाकांना जोर असलेल्या पिकअप गाड्या डोंगर, नद्या, वाळवंट तुडवायला निघाल्या आणि वर वर जात राहिल्या. आपल्याकडे 2016 साली इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आली, 2022 साली टोयोटाची हायलक्स आली. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर वर, आणि आतली जमीन त्याहून बरीच वर. म्हणजे आपण गायस ग्रॅकसच्या काळात परत आलो. फरक एवढाच, की आता दगड सरकार ठेवत नाही, स्वतः विकत घ्यावा लागतो.

माझ्या थोरल्या पुतण्यानं अशी एक गाडी घेतली. रत्नागिरीकडे त्याची आंब्याची बाग आहे आणि बागेची वाट म्हणजे जांभ्या दगडाचा जिना. गाडीला तो एका दुकानातून चकचकीत नळ्या लावून आला. त्यावर माझ्या वहिनी, म्हणजे त्याच्या मातुःश्री, पहिल्यांदा चढल्या. वयाची पंचाहत्तरी, गोल साडी, एका हातात देवाच्या फुलांची परडी. नळी ओली होती. पाय सटकला. परडी पडली, वहिनी वाचल्या. पुढच्याच महिन्यात ती नळी एका दगडावर टेकली, तेव्हा वर सरकून दाराच्या खालच्या पत्र्यात घुसली. पुतण्या म्हणाला, "काका, स्टेनलेस स्टीलची होती हो! गंज चढणार नाही म्हणाले होते." गंज चढलाच नव्हता. वाकलेली नळी शेवटपर्यंत आरशासारखी चकाकत होती.

या घटनेनंतर मी या विषयाचा अभ्यास केला, आणि तो फुकट जाऊ नये म्हणून इथे मांडतो.

दुकानात तीन जातींच्या पायऱ्या मिळतात. पहिली नळीची. इंग्रजीत तिला 'नर्फ बार' म्हणतात. हे नाव शर्यतीच्या मोटारींकडून आलं. तिथे असा दांडा दुसऱ्या गाडीची चाकं आपल्या चाकांत अडकू नयेत म्हणून लावत. म्हणजे तिचं मूळ काम धक्का देणं-घेणं. पाय ठेवण्याचा मान तिला मागाहून मिळाला. दुसरी रुंद फळीची, जी मॉडेल टीची वारस. माणसांसाठी हीच सोयीची. तिसरी 'रॉक स्लायडर'. ही खरी पायरी नव्हेच. दगडावर गाडी टेकली तर दाराखालचा पत्रा न चेपता सगळं ओझं हिनं घ्यायचं आणि घसरत पुढे जायचं. कमाल म्हणजे दिसायला तिघी सख्ख्या बहिणी!

त्यांच्यातला फरक ओळखायचा, तर गाडीखाली वाकून पाहायचं. पिकअपचं अंग वेगळं आणि तिच्या खालची पोलादी चौकट, म्हणजे चासी, वेगळी. मधे रबराच्या गाद्या. जी पायरी नुसत्या पत्र्याला जखडली आहे ती माणसाचं वजन कशीबशी घेईल, दगड आला की पत्र्यासकट जाईल. जी जाड पट्ट्यांनी चासीला बांधली आहे, तीच टिकेल. चासीलाही भलत्या ठिकाणी वेल्डिंगची आच लावू नये. कंपनीनं ठेवलेल्या भोकांतून बोल्ट घ्यावेत आणि महिन्यानं पुन्हा आवळावेत. पायरी फार खाली लोंबू नये, नाहीतर ज्या उंचीसाठी एवढी महागडी गाडी घेतली, तीच उंची पायरी परत खाऊन टाकते आणि उंचवट्यावर गाडीचं पोट टेकायच्या आधी तीच टेकते.

धातूचं म्हणाल तर साधं पोलाद सर्वांत भरवशाचं, पण कोकणातल्या हवेत त्याला जस्ताचा मुलामा आणि वर पक्का रंग हवा. नळीत पाणी साठू नये म्हणून खाली भोक हवं. पोलाद बहुधा आतून कुजतं, माणसासारखंच. स्टेनलेस स्टील बरं, पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं तेही टिपके टिपके होऊन खाल्लं जातं. अ‍ॅल्युमिनियम हलकं, तांबूस गंजत नाही. पण पोलादी बोल्टाशी खाऱ्या पाण्यात त्याची भांडणं लागतात आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमच झिजतं. पाय ठेवायची जागा मात्र जाळीची आणि दातेरी हवी, म्हणजे चिखल खाली पडतो आणि वहाण वर राहते. दार उघडलं की आपोआप बाहेर येणाऱ्या विजेच्या पायऱ्याही मिळतात. शहरात ठीक आहे. जांभ्याच्या लाल चिखलात त्या एकदा आत गेल्या की रुसलेल्या सुनेसारख्या बाहेर येत नाहीत.

शेवटी पुतण्यानं गावातल्याच एका कारागिराकडून पायरी करून घेतली. चासीला बोल्टानं धरलेली, काळी, दातेरी, दिसायला अगदी सुमार. कारागिरानं स्वतः तिच्यावर उभं राहून चार उड्या मारल्या आणि मग म्हणाला, "आता आईंना चढू द्या." त्या माणसानं कंपनीचं छापील हमीपत्र दिलं नाही, पण हमी यापेक्षा वेगळी काय असते?

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या एका पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. त्यांनी गडावर एवढी बांधकामं केली, पण नाव कोरलं ते पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागतात तिथे. भार घेणाऱ्या वस्तूवर नाव घालायला छाती लागते. पुढच्या वेळी गाडीला पायरी घ्याल, तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारा, की बाबा रे, हिच्यावर तू स्वतः उभा राहशील का? तो चकाकीबद्दल बोलू लागला, तर नमस्कार करून दुकानाची पायरी उतरावी.