चंदीगडचं ते ऑफिस आणि पुढारीपणाचे धडे

नात आर्किटेक्ट झाली, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. दीड वर्षापासून ती एका ऑफिसात नोकरी करते आहे. गेल्या महिन्यात रविवारी आली तेव्हा तोंड जरा उतरलेलं होतं. म्हणाली, "आजी, काल आमचं लीडरशिप ट्रेनिंग होतं. दिवसभर हॉटेलात. गट पाडले, खेळ खेळलो, शेवटी सर्टिफिकेट दिलं."

"मग चांगलं आहे की!" मी म्हटलं.

"कसलं चांगलं? दीड वर्ष मी फक्त दारं-खिडक्यांचे तक्ते आणि बाथरूमची ड्रॉइंग काढते आहे. साइटवर मिस्त्रीने काही विचारलं तर 'सरांना विचारून सांगते' एवढंच म्हणायची परवानगी. लीड करायचं कुणाला, खिडक्यांना?"

मला हसू आलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. इतिहास शिकवण्यात जन्म गेल्यामुळे काहीही झालं की मन मागे धावतं. या वेळी ते धावलं थेट 1951 च्या चंदीगडला.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि आपल्याकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. नवं शहर वसवायचं ठरलं. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी केला. पण ऑगस्ट 1950 मध्ये नोविकी विमान अपघातात गेला. मग पी. एन. थापर हे प्रशासक आणि पी. एल. वर्मा हे मुख्य अभियंता युरोपात माणसं शोधायला निघाले. लंडनला मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे जोडपं तीन वर्षांसाठी यायला तयार झालं. पॅरिसच्या ल कॉर्ब्युझिएने मात्र घर सोडायला नकार दिला. तो सल्लागार झाला आणि वर्षातून दोनदा, महिना-महिना येऊन राहायचं ठरलं. कायम मुक्कामाला आला त्याचा नात्यातला भाऊ, पियरे जानरे.

हे चौघे सगळ्यांना माहीत असतात. पण एवढं शहर चौघांनी काढणं शक्य होतं का? त्यांच्या हाताखाली नुकती पदवी घेतलेली भारतीय पोरं होती. एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, बी. पी. माथुर, उर्मिला युली चौधरी... आणि प्रभावळकर, देठे ही नावं वाचल्यावर तर मराठी माणसाचे कान टवकारतातच! बहुतेक सगळे तिशीच्या आत-बाहेरचे. स्वतंत्र देशाला जेमतेम चार वर्षं झालेली, आणि ही मुलं एका राजधानीचे नकाशे काढत होती.

सेक्टर 19 मध्ये त्यांचं साधंसं ऑफिस होतं. ती इमारत आजही आहे, तिथे ल कॉर्ब्युझिए सेंटर म्हणून संग्रहालय केलं आहे. तिथे पुढारीपणाचा वर्ग कधी भरला असेल असं मला वाटत नाही. तिथे भरलं ते कामच. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत सरकारी नोकरांच्या घरांचे तेरा-चौदा प्रकार ठरले होते. शिवाय शाळा, दवाखाने, दुकानं, सिनेमागृहं. पैसा कमी, विटा मुबलक, उन्हाळा भाजून काढणारा. एवढ्या कामात वरिष्ठांना सगळं स्वतःच्या मुठीत ठेवणं परवडणारच नव्हतं. कामं वाटून द्यावी लागली. आदित्य प्रकाशांनी तिथली चित्रपटगृहं केली, टागोर थिएटर केलं. युली चौधरींनी मुलींसाठी होम सायन्स कॉलेज आणि पॉलिटेक्निक केलं.

फ्राय आणि ड्रू 1954 च्या सुमारास परत गेले. जानरे राहिला. 1951 ते 1965, म्हणजे चौदा वर्षं! कॉर्ब्युझिए यायचा, वीज चमकल्यासारखा चमकायचा आणि जायचा. रोज सकाळी ऑफिसात असायचा तो जानरे. पोरांच्या ड्रॉइंगवर चुका दाखवणारा, साइटवर जाणारा, वेत आणि सागवानाच्या साध्या खुर्च्या करवून घेणारा तोच. तब्येत ढासळल्यावर 1965 मध्ये तो गेला, आणि त्याच्या जागी मुख्य आर्किटेक्ट झाले एम. एन. शर्मा. बाहेरून कुणी आणावं लागलं नाही. त्यांच्यानंतरच्या पिढीची सोयही त्याच मंडळींनी पाहिली. चंदीगडचं आर्किटेक्चर कॉलेज 1961 मध्ये निघालं आणि 1968 पासून आदित्य प्रकाश त्याचे प्राचार्य होते. युली चौधरीही पुढे मुख्य आर्किटेक्टच्या पदापर्यंत पोचल्या. त्या काळात सरकारी बांधकाम खात्यात एका बाईने त्या खुर्चीत बसणं ही काय गोष्ट होती, हे माझ्या वयाच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

जानरे 1967 मध्ये जिनिव्हात वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात सोडली. कुठला कोण माणूस! पण मागे काय ठेवून गेला, तर आपल्या जागी बसू शकणारी माणसं.

अर्थात सगळं गोडच होतं असं नाही. श्रेय वरच्यांनाच जास्त मिळालं. त्या खुर्च्या आज परदेशात लिलावात लाखो रुपयांना जातात, त्या जानरेच्या नावावर. त्यात युली चौधरींचाही हात होता, हे किती जणांना माहीत असतं? जबाबदारी दिली तशी सही करायची मुभाही द्यायला हवी, असं मला वाटतं.

याच काळातली दुसरी गोष्ट पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींची. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते 1951 मध्ये पॅरिसला कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात गेले. पहिले आठ महिने बिनपगारी राबले. (हे मला आजही पटत नाही. ज्याच्या घरी खायला नाही त्याने शिकायचं कसं?) पण तीन-चार वर्षांनी त्याच गुरूने अहमदाबादच्या आपल्या इमारतींवर देखरेख करायला त्यांना पाठवलं. वय सत्तावीसच्या आसपास! पुढे 1962 मध्ये दोशींनी अहमदाबादला आर्किटेक्चरची शाळा काढली. 2018 मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. जानेवारी 2023 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थीही नावारूपाला आलेले होते.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तेव्हा अख्खं शहर बांधायचं होतं. आमच्याकडे आहेत दोन सोसायट्या आणि एक बंगला."

तिचं खोटं नव्हतं. पण मला एकदम माझीच आठवण झाली, आणि ती फारशी सुखाची नाही.

मी नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. वेळापत्रक मीच करायची. स्नेहसंमेलनाचा हिशेब माझ्याच वहीत. तरुण शिक्षिका विचारायच्या, "बाई, यंदा मी करू का?" मी म्हणायची, "तू नुसती बघ, पुढच्या वर्षी कर." ते पुढचं वर्ष कधी आलंच नाही. चूक झाली तर बोलणी मला बसतील, अशी भीती. आणि खरं सांगायचं तर, माझ्यावाचून अडतं याचं थोडं सुखही होतं. निवृत्त झाल्यावर जून महिन्यात शाळेतून रोज फोन यायचे. "बाई, ती फाइल कुठे आहे? जादा तास कसे बसवायचे?" सुरुवातीला मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी लाज वाटली. एवढ्या वर्षांत मी एकही माणूस तयार केला नव्हता. प्रशिक्षणाला मात्र सगळ्यांना नियमाने पाठवत होते!

जानरेच्या जागी शर्मा बसले, आणि माझ्या जागी बसलेली बिचारी फोन करत बसली. फरक एवढाच.

म्हणून नातीला म्हटलं, "शहर मागू नकोस. लहानात लहान काम माग, पण पहिल्या रेघेपासून शेवटच्या विटेपर्यंत तुझं. चुकलं तर बोलणीही तुलाच बसू देत, असं साहेबांना स्पष्ट सांग."

आठ दिवसांनी तिचा फोन आला. एका सोसायटीची वॉचमनची केबिन तिच्याकडे दिली आहे. प्लॅन, अंदाजपत्रक, मिस्त्रीशी बोलणं, सगळं तिनेच करायचं. "आजी, त्या माणसाला रात्री पाय पसरता येत नाहीत गं जुन्या केबिनमध्ये. मी जाऊन बसून पाहिलं." आवाज वेगळाच होता तिचा.

हॉटेलातलं सर्टिफिकेट कुठे आहे, ते मी विचारलं नाही.

असो. माझ्या शाळेतल्या त्या वेळच्या तरुण शिक्षिकांपैकी कुणी हे वाचत असेल, तर एवढंच सांगते... पोरींनो, तेव्हा तुम्हाला करू द्यायला हवं होतं.